शेऱ्याचा रकाना

एकोणीस वर्षं मी कृष्णेची पातळी लिहितोय.
भिलवडीच्या खालच्या अंगाला आमचं गाव,
घाटाच्या भिंतीवर काळे-पांढरे फूट रंगवलेले.
दर तासाला वाचायचे, रजिस्टरात मांडायचे,
सांगलीला फोन करायचा.
तारीख. वेळ. फूट. इंच.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तो मी कधी भरला नाही.
पाण्याला काय शेरा मारायचा?

सोसायटीची निवडणूक लागली की गावात
एका आळीत कपबशी, दुसऱ्या आळीत छत्री.
न्हाव्याचं दुकान वेगळं, दूध घालायचं सेंटर वेगळं,
एकाच मयताला दोन वाटांनी माणसं येतात.
मला विचारायचे, काय जिनगोंडा, तुमचं कुणाकडं?
मी म्हणायचो, मी तटस्थ.
शब्द शाळेतला, इस्त्री केलेला,
खिशाला पेन लावावं तसा लावून फिरायचो.
कपबशीवाले चहा पाजायचे.
छत्रीवालेही पाजायचे.

एकदा दौलू अंबी नावेला डांबर फासत होता.
मान वर न करता म्हणाला,
"तटस्थ म्हंजे तटावर हुबा ऱ्हायल्याला न्हवं?"
म्हटलं, हो, तसंच.
"मग नदीला तट दोन. तू कुठल्या?"
मी हसलो. त्यानं ब्रश डब्यात बुडवला.

घरी येऊन कोश काढला,
वडिलांचा, पाठीला वाळवी लागलेला.
तट म्हणजे काठ.
तट म्हणजे कोटाची भिंत.
तट म्हणजे पक्ष, फळी, फूट.
फूट.
हा तर माझ्याच रजिस्टरातला तिसरा रकाना.
कोश मिटून ठेवला. जेवायला बसलो.

मग ते साल आलं.
धरणातून किती सोडलं, खाली किती अडलं,
यावर टीव्हीत दोन तट पडले
आणि इथं एकही उरला नाही.
घाट गेला, भिंत गेली, रंगवलेले फूट गेले.
शाळेच्या गच्चीवरून मी विजेच्या खांबावर
अंदाजानं मोजत होतो.
बोट एकच आलेली.
आधी कुणाला काढायचं त्याची यादी
ज्याच्या हातात होती, त्याच्या शर्टाला
मागच्या निवडणुकीचा छत्रीचा बिल्ला होता,
ओला झालेला, पण होता.
बोट वरच्या आळीला गेली.
पुन्हा गेली.
तिसऱ्यांदाही तिकडंच.
शेवंता घस्ते पत्र्यावर शेळी धरून बसलेली,
माझ्याकडं बघत होती.
हाक मारली नाही तिनं.
मी घड्याळ बघितलं, खांब बघितला, लिहिलं:
नऊ चाळीस. त्रेपन्न फूट. दोन इंच.

चौथ्या खेपेला तिला काढलं.
शेळीला नाही.
आधी रोज सकाळी घाटावर मला विचारायची,
"अण्णा, पाणी किती?"
आता दौलूला विचारते,
मी शेजारी उभा असलो तरी.

परवा दोन्हीकडची पोरं पुन्हा दारात.
काय काका, यंदा तुमचं कुणाकडं?
तोंड उघडलं, तर तो शब्द येईना.
पाण्यात राहिलेल्या पुस्तकासारखा
आतल्या आत फुगून बसला होता.
सांगतो, म्हटलं, नि दार लोटलं.

रात्री रजिस्टर काढलं, ते पान.
कडेला गाळ आहे अजून, नखानं निघत नाही.
शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं:
बोट तीनदा वरच्या आळीला.
शेवंता पत्र्यावर. मी बघितलं.
रकान्यात मावलं नाही,
अक्षरं इंचांवर चढली.

सकाळी घाटावर दौलूपुढं पान धरलं.
त्याला वाचता येत नाही, हे मी विसरलोच.
"वाच की," म्हणाला, "मोठ्यानं वाच."
चार पायऱ्या खाली
शेवंता धुणं आपटत होती.