छत्तीस बाय चोवीस

सातपूरला, बेअरिंगच्या गोडाऊनवर आमची खोली.
खाली ट्रक भरतात, वर मी घाट उभारते.
हाताशी एकच फोटो, काळापांढरा,
मागे जांभळा शिक्का: क्षेमकल्याणी फोटो, रविवार कारंजा.
पायऱ्या, एक दीपमाळ, कठड्यावर वाळत घातलेली दोन धोतरं
आणि उजव्या कडेला दुतोंड्या मारुती.

दिग्दर्शकाला एवढंच हवंय,
कॅमेरा अलगद तीन फूट पुढे सरकावा,
फोटोत शिरावा.

आधी राखाडी पायऱ्या रचल्या, बिनचेहऱ्याच्या.
मग हवेत एक कॅमेरा टांगला.
हा बघत नाही, टाकतो.
पोटातला फोटो बाहेर काढून
पायऱ्यांवर अंथरतो, पिळलेल्या लुगड्यासारखा.

बसेना.
दीपमाळ आभाळावर सांडलेली,
मारुतीचं एक तोंड पाण्यात.
रात्री अकराला तौसीफ चहा घेऊन मागे उभा राहिला,
म्हणाला, फिल्मची रुंदी बघ,
आपोआप आलेली असेल, साडेचोवीस.
आणि तुझा माणूस कुठल्या फिल्मवर काढायचा?
छत्तीस बाय चोवीस.
लिहिलं, आणि घाट कट्‌कन जागेवर गेला
निखळलेला खांदा हाडवैद्यानं बसवावा तसा.

आकार बसला, माप नव्हतं.
सॉफ्टवेअरला एक म्हणजे एक;
एक काय, ते आपण सांगायचं.
सकाळी टेप घेऊन गोदेवर गेले,
वाकून मारुतीच्या गुडघ्याला लावली.
नारळवाला म्हणाला, ताई,
यानं नाशिक पाणी मोजतं.
याला कोण मोजतं?

माप भरलं. कॅमेऱ्याची उंची आली
खालून चौथ्या पायरीपासून
तीन फूट चार इंच.
सगळं पुसून पुन्हा केलं.
तीन फूट चार.
वामनराव क्षेमकल्याणी, ऐकलं होतं,
स्वतःच्या दुकानात वाकून शिरायचे.
बसून काढला असेल, तौसीफ म्हणाला.
असेल.

रविवार कारंज्यावर त्या जागी आता मोबाईलची कव्हरं.
वरच्या मजल्यावर त्यांची मुलगी, प्रमदाताई,
मोतीबिंदूचा काळा चष्मा लावून
मटार सोलत बसलेल्या.
लॅपटॉप उघडला नाही, नुसता आकडा सांगितला.
"बाबा बसायचे कधीकधी," त्या म्हणाल्या.
चार-पाच शेंगा झाल्या.
"मी दुसरीत होते तेव्हा.
तो पट्टा फार काचायचा मानेला."
पुढे काहीच नाही.
निघताना हातावर चिवडा दिला, कांदा घालून.

आता तीन फूट पुढे.
मूळ जागेवर उभं राहिलं तर सगळं खरं.
एक इंच सरकलं की पायऱ्यांच्या कडा
ताणलेल्या रबरासारख्या लांबतात,
दीपमाळेचीच दुसरी प्रत मागच्या भिंतीवर पडलेली सापडते,
आणि तिच्याआड एक उभी काळी पट्टी,
जिथे त्या डोळ्याला काही दिसलंच नाही.
तिथे मी शेजारचा दगड उचलून लावते,
थोडं शेवाळ, एक भेग.
कुणाला कळणार नाही.
एकदा खुर्ची ढकलून जमिनीवर बसूनही बघितलं,
मान वर करून, तेवढ्या उंचीवरून.
दीपमाळ फार मोठी होती.

शेवटी पाटी येईल, फोटो सौजन्य: वा. क्षेमकल्याणी.
करार तसाच आहे.
माझ्या फाईलमध्ये त्या कॅमेऱ्याचं नाव
अजून नुसतं कॅमेरा-एक.
बदलायला कर्सर नेते,
आणि खाली कुणीतरी ट्रक मागे घेत असतं,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे,
बस.