अनामिकेपाशी

दोन्ही पेट्या एकाच आठवड्यात बाबांच्या दुकानात आल्या.
बोरा सुटला होता. ट्रिएस्टच्या चढावांवर
म्युनिसिपालिटीनं दोर बांधले होते, धरून चालायला.

पहिली आणली एका विधवेनं, सोचा नदीच्या वरच्या खोऱ्यातून,
शालीत गुंडाळून, तापलेलं पोर आणावं तशी.
नवरा लोव्रो कोबाल मधमाश्या पाळायचा.
भात्याला मेणकापडाचं ठिगळ,
बटणं गाईच्या शिंगाची, आणि ती ओळीत नाहीत:
पोळ्यातल्या घरांसारखी,
प्रत्येकाला सहा शेजारी.

दुसरी एका खलाशानं गहाण टाकली, गुत्त्याची उधारी भागवायला.
करणारा आवेइरोचा, एव्हारिस्तु तेलेश, फरशा बसवणारा.
बटणं चिनीमातीची, फुटक्या तुकड्यांतून घासून काढलेली.
एकेकाला सहा शेजारी.

बाबांनी दोन्ही पेट्यांवर एकच चाल वाजवली.
बोटांना कळलंच नाही की पेटी बदलली.
ताटातलं निवून गेलं.
मग म्हणाले, "यातला एक चोर आहे."

त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच.
म्हातारीला विचारलं, नवरा कुठे कुठे फिरला होता?
"गोरित्सियाच्या बाजारापर्यंत," ती म्हणाली,
"समुद्र बघायचा होता त्याला. राहून गेलं."
मग पाद्रीबुवांकडून पोर्तुगीजमध्ये उतरवून
आवेइरोला पत्र गेलं. जरा तिखटच.

उत्तर यायला दोन महिने लागले.
बाबांनी पाकीट दारातच फाडलं, शिव्या खायच्या तयारीनं.
आत चार ओळी:
'त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.
आणि विचारा, वरून खाली येताना
त्यांची अनामिका अडते का?
माझी अडते.
ते बटण मी दोनदा हलवलंय.'

गृहस्थ तर जमिनीखाली.
बाबांनी लोव्रोच्या पेटीचं कातडं सोडवलं.
अनामिकेच्या बटणाशेजारी, जवाएवढ्या अंतरावर,
मेणानं बुजवलेलं एक भोक.
एव्हारिस्तुच्या पेटीत तिथेच दोन,
चुन्यानं लिंपलेली.

बराच वेळ वारा शटर हलवत राहिला.
चोर माल नेतो.
चूक कोण नेतं घरी,
आणि नेऊन स्वतःच्या हातानं बुजवतं?

भाता दुरुस्त झाला तेव्हा म्हातारी न्यायला आली.
बाबांनी तिला तो प्रश्न विचारला, उगीच, बोलायचं म्हणून.
ती हसली. "अडायची ना! मग कोपर असं वर धरायचा,
पंख मोडलेल्या कोंबडीसारखं.
जेवतानाही तसंच. मी किती ओरडायची."
बाबांनी ते जसंच्या तसं लिहून आवेइरोला धाडलं, कोंबडीसकट.
पुन्हा उत्तर आलं नाही.
खलाशानं पेटी सोडवली, तोही गेला.

बाबा जाऊन आता अकरा वर्षं झाली.
परवा गाळा रिकामा करताना
त्यांच्या टेबलाचा खालचा खण निघेना. लाथ मारून काढला.
तारा, सरस, माझ्या शाळेची एक पावती,
आणि तळाशी चौघडी कागद.
पेन्सिलीची वर्तुळं, एकेकाभोवती सहा.
कोपऱ्यात तारीख: माझ्या जन्माच्या आधीच्या वर्षीची,
पेट्या यायच्या सोळा वर्षं अगोदरची.
बाबांनी अशी पेटी कधी केली नाही.
कधी बोललेही नाहीत.

एका ठिकाणी इतकं खोडलंय, पुन्हा काढलंय, पुन्हा खोडलंय
की कागद आरपार गेलाय.
मी काउंटरवर तो पसरला,
बोटं ठेवून पाहिली एकेक.
अनामिका नेमकी त्या भोकात गेली,
आणि खालचं गार लाकूड लागलं.