जागल

दिवाळी ते होळी मी माळ्यावर असतो.
खाली हरभरा, नाल्यापलीकडे जंगल,
मांडीखाली पोतं, हाताशी गोफण.
पंधरा वर्षं झाली.
रोही कसा चालतो, डुक्कर कसं फुरफुरतं
अंधारातच कळतं मला.

आचल सहाची झाली तरी चारचीच दिसायची.
पोट टम्म, हातपाय तुरीच्या काड्या.
जंत म्हणाले, नजर म्हणाले,
पंगतीत रोडगा तुपात कुस्करून भरवला:
"खाय वं माय, अंगाले लागन."
लागत नव्हता. पातळ होऊन उतरत होता,
दिवसातून सहादा.

नागपूरला, मेडिकलमध्ये, तोंडातून नळी घालून
आतड्याचा तीळभर तुकडा काढला.
उईके मॅडम पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
"इथं ज्वारीसारखं उभं पीक असायला पाहिजे."
मी पाहिलं. सपाट.
डुकरांचा कळप लोळून गेलेलं वावर
मी बांधावरूनच ओळखतो.
"कोणं केलं हे?"
मॅडम जरा थांबल्या.
"राखणदारांनी."

मग जे सांगितलं ते अर्धंमुर्धं धरून ठेवलंय.
आतड्याची भिंत म्हणे एका पेशीइतकीच जाड.
अलीकडे भाकर, पाणी, जंतूंची अख्खी जत्रा,
पलीकडे रक्त.
आणि त्या भिंतीतच, विटांच्या सांदीत
उकिडव्या बसलेल्या टी पेशी.
छातीच्या हाडामागे त्यांची शाळा.
आपल्याच माणसावर धावतो तो तिथं नापास,
आणि नापास म्हणजे संपलाच.
उरलेले आतड्यात उतरतात, तिथंच मुक्काम करतात,
गावी परतत नाहीत.
त्यांचं बरंचसं काम मारण्याचं नाहीच, मॅडम म्हणाल्या,
सोडून देण्याचं आहे.
ही भाकर, जाऊ दे.
हा जंतू जुना ओळखीचा, जाऊ दे.
काहीजण तर फक्त दुसऱ्याचा हात धरायलाच असतात.

आचलच्या आतड्यात तो हात सुटला.
गव्हाच्या एका कणाला कोणीतरी चोर म्हटलं,
सारे उठले,
आणि चोर धरता धरता
भिंतच पाडत सुटले.

"मंग त्यायले समजावता येत नाही का,
का बाप्पा हा गहू हाय म्हणून?"
"नाही. एकदा ओळखलं की विसरत नाहीत.
जन्मभर."

मी त्यांना काय नावं ठेवू?
मागच्या पौषात खसपस झाली, मी गोफण फिरवली.
सकाळी पाहतो तर आमचाच गोऱ्हा,
दावं तोडून आलेला.
मागचा डावा पाय अजून टेकवत नाही.
नेम चांगला होता. तेच तर.

आता घरात गहू नाही.
हिंगाची डबीही गेली, त्यात पीठ असतं म्हणे.
ज्वारी दळायची ती पहाटे, गव्हाच्या आधी,
चक्की झाडून. हिरामण कुरकुरतो,
पण झाडतो.
शाळेतलं बिस्किट ती मुठीत घरी आणते, कोंबड्यांना घालते.
एकदा स्वतःच खाल्लं. चार दिवस भोगलं.
भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल.
या चैत्रात तिचा फ्रॉक आखूड झाला.
शालू तो कोणालाच देईना,
खुंटीवर तसाच टांगून ठेवलाय.

परवा पंगतीत आपला डबा उघडून बसली आणि मला विचारलं,
"बाबा, थे मले ओयखत नाहीत का?"
मी वांग्याची भाजी वाढत होतो.
वाढत राहिलो.

रात्री खसपस होते.
गोफणीत दगड असतो, हात वर जातो.
मी आता एक श्वास थांबतो.
कधीकधी तेवढ्या एका श्वासात
डुक्कर हरभऱ्याची दोन तासं
खाऊन जातं.