कर्मणी प्रयोग

ब्यूफर्टच्या वाचनालयात, मागच्या कपाटाशी
युलाली गॅड्सडेन ते पुस्तक उघडते.
भातमळ्याच्या मालकिणीने छापलेलं, कापडी बांधणीचं.
पान एकेचाळीस: लाल चवळीचा भात.
‘तांदूळ पाखडले जावेत.
तीन पाण्यांतून धुतले जावेत.’
कोणी, ते नाही.

प्रस्तावनेत भरती-ओहोटीचं गणित आहे,
बांध, झडपा, पिंपांचा हिशेब,
मालकाच्या घोड्याचंसुद्धा नाव आहे.

युलालीच्या भिंतीवर एक सूप टांगलंय,
खाजणातल्या गवताचं, गोल, कडेला उसवलेलं.
पणजीची आई त्यात पाखडायची.
शुक्रवारी जन्मली म्हणून फीबा.
झाकण न उघडता, नुसत्या आवाजावरून सांगायची
दाणा झाला की नाही ते.
खाडीवर कालवं वेचतानाही म्हणे
अर्धा कान घरच्या चुलीकडे.

पुस्तकात लिहायचं नाही,
हे युलालीनेच वीस वर्षं पोरांना बजावलंय.
आज ती पेन्सिलीला टोक काढते.
छापलेलं काही खोडत नाही.
‘पाखडले जावेत’च्या शेजारी, कोऱ्या पट्टीत,
बारीक अक्षरात कर्ता लिहिते.

मग पानावर हलकी फुंकर.
भुसा उडतो.