तेल भरलेलं होतं

उरवाईच्या उतारावर पेडल गेलं.
गेलं म्हणजे, पाय ठेवला आणि तो खाली, खाली,
थेट पत्र्यापर्यंत,
अंधारात शेवटची पायरी नसावी तसा.
कडेला दगडात कोरलेले तीर्थंकर उभे,
त्यांना कसलीच घाई नव्हती.
मागच्या सीटवरून नागपूरच्या वन्सं म्हणत होत्या,
हवा छान आहे गं इथली.

मी दुसरा टाकला, मग पहिला.
गिअरबॉक्स किंचाळला.
हॅन्डब्रेक खेचला, मुळा उपटतात तसा,
आणि सदतीस वर्षांची फियाट
डागडुजीसाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात
नाक खुपसून थांबली.
वन्सं म्हणाल्या, आलं का घर?

संध्याकाळपर्यंत जनकगंजात सगळ्यांना कारण माहीत होतं.
शिरीष म्हणाला, काकू, तुम्ही क्लच दाबला असणार.
वरचे सप्रे म्हणाले, भंगारात घाला आता,
दिगंबरराव होते तोवर ठीक होतं.
मी म्हटलं, पाय माझे आहेत.
कुठला कुठे होता ते मला माहीत आहे.

पातीराम कुशवाह कुणाचं ऐकत नाही.
एक तर कानानं कमी,
आणि शिंदे की छावणीत तीस वर्षं गाड्यांखाली पडून
माणसांच्या बोलण्यावरचा विश्वास उडालेला.
त्यानं आधी टाकी पाहिली. तेल काठोकाठ.
चारी चाकं उतरवून ड्रमच्या आत बोट फिरवलं.
कोरडं.
नळीन् नळी चाचपली,
दोर वळणारा दोर चाचपतो तशी.
कोरडी.
"कहीं से गया नहीं अम्माजी, तो गया कहाँ?"

मला म्हणाला, बसा आणि दाबा.
भराभर तीनदा दाबलं की पेडल टणक.
पाय तसाच ठेवला तर
हळूहळू, काही न बोलता, बसत जायचं,
जसं एखादं माणूस हो हो म्हणत
ऐकेनासं होतं.

"अंदर ही अंदर," तो म्हणाला.
बाहेर थेंब नाही, आतलं रबर दाब धरत नाही.
मग टाकीचं झाकण हातात घेऊन थबकला.
झाकणातली चकती
रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगलेली.
वास घेतला. बोटांत चोळलं.
पोराला म्हणाला, चहाचा गिलास ला, धुला हुआ.
तळाशी टाकीतलं तेल, वरून पाणी.

ब्रेकचं तेल पाण्यात मिसळतं
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.
हे मिसळलं नाही.
वर येऊन बसलं, पिवळसर, नितळ, वेगळं.
"ये किसने डाला?"

मी.

दिवाळीआधी टाकी जरा उतरलेली दिसली
म्हणून यांच्या कपाटातून बाटली काढली.
बाटली ब्रेक ऑइलचीच. लेबल शाबूत.
पण ज्या माणसाबरोबर चौतीस वर्षं काढली
त्याच्या घरात कुठल्या बाटलीत
लेबलावरचं होतं?
गुलाबपाण्याच्या बाटलीत टर्पेंटाइन,
च्यवनप्राशच्या डब्यात खिळे,
खोकल्याच्या औषधात शिवणयंत्राचं तेल.
एकदा मी चमचाभर घेतलंसुद्धा.

पातीरामनं सगळं रबर बदललं, नळ्या धुऊन काढल्या,
आणि त्याच उतारावर माझ्या शेजारी बसून आला,
हात हॅन्डब्रेकवर, डोळे समोर.
खाली पोचल्यावर हात काढला. एवढंच.
पैसे किती झाले ते मी शिरीषला सांगितलं नाही.

घरी येऊन बाटली उचलली.
हलवली, उजेडात धरली,
उलटी केली.
बुडाला, पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखाली,
त्यांचं ते मुंगीएवढं अक्षर:
जॅकचे तेल. ब्रेकमध्ये घालू नये.

लिहिलं होतं.
लिहायचे सगळं,
जिथं कुणी बघणार नाही तिथं.

झाकण घट्ट केलं
आणि बाटली कपाटात ठेवली, होती तिथेच,
बूड वर करून.