दोन नंबरचा कॉम्प्रेसर

बर्फाचा कारखाना बंद पडला तेव्हा
माझं वय सत्तेचाळीस होतं
आणि बायोडाटा अर्ध्या पानाचा.
मुकुंद लक्ष्मण चोगले, मुक्काम हर्णै,
दहावी पास, मेहनती व प्रामाणिक.
आता या बंदरावर
आळशी व लबाड असं कोण लिहून देतं?
लिलावात पापलेटं मांडणारी भागीरथीसुद्धा
आपल्या तोंडाने कधी शिळी म्हणत नाही.

अठ्ठेचाळीस प्रती काढल्या.
दिसेल त्या दारात एक टाकली.
हॉटेल, पेट्रोलपंप, दापोलीची कलमांची नर्सरी,
एका शाळेत तर लिपिकाच्या जागेसाठी,
मला टायपिंगमधलं ओ की ठो कळत नाही.
उत्तर एकच आलं, पंपावरून,
की जागा भरली, कागद घेऊन जा,
मागची बाजू कोरी आहे.

एकोणपन्नासाव्या प्रतीला
शमीम मुकादमने झेरॉक्सचं झाकण उघडलंच नाही.
माझ्या मुलीच्या वर्गातली पोर.
"काका, हे कोणाचं?"
"माझंच की."
"वाटत नाही."

स्टूल पुढे ढकललं तिने.
रात्रपाळीत काय करायचात?
बसायचो.
नुसते?
ऐकायचो.
अमोनियाचे दोन कॉम्प्रेसर,
एक नंबर घोरायचा, दोन नंबर खोकायचा.
खोकल्याचा सूर बदलला की मी उठायचो.
"आणि किती वेळा उठलात?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
मालकाने नाही,
बायकोनेही नाही.

ती टाइप करत गेली.
मोसमात दिवसाला आठशे लाद्या.
गळतीच्या रात्री तोंडाला ओला टॉवेल बांधून
आम्ही झडप बंद केली, म्हटलं.
बोटं थांबली तिची. "आम्ही म्हणजे कोण कोण?"
मी खाली बघितलं.
"मीच होतो."
"मग 'मी' म्हणा."
पंगतीत पहिल्या पाटावर जाऊन बसावं
तसं वाटलं मला.

प्रामाणिक खोडलं तिने.
राहू दे की गं, म्हटलं.
"ते त्यांचं त्यांना दिसेल.
आणि अठ्ठेचाळीस दारं नकोत, काका,
जिथे थंडी विकतात तिथेच जा."
अशी तीनच निघाली.

घरी बायको बांगडे साफ करत होती.
तिच्यासमोर उभं राहून बोलून पाहिलं, स्वतःबद्दल.
"मोठ्याने बोला," ती म्हणाली,
"या मेलेल्यांनाही ऐकू गेलं पाहिजे."

मिरकरवाडा, कोळंबीचं शीतगृह.
इस्त्रीचा शर्ट, बाकावर पाऊण तास,
आणि पाठीमागची भिंत थरथरत होती.
आत बोलावलं. साहेब माझ्या पुतण्याच्या वयाचा.
"स्वतःबद्दल सांगा."
सगळं पाठ केलेलं
भरतीत चप्पल जावी तसं गेलं.
तोंडातून निघालं ते हे:
"पलीकडचा दुसरा कॉम्प्रेसर
किती दिवस असा वाजतोय?"
"असा म्हणजे?"
"वाजू नये तसा. बेअरिंग बघून घ्या."
त्याने पेनाचं टोपण लावलं.
कळवतो, म्हणाला.

परतीच्या एसटीत शर्टाची वरची गुंडी काढली
आणि स्वतःला दापोलीपर्यंत शिव्या घातल्या.
कुणाच्या घरी जाऊन
त्यांच्या म्हातारीचा खोकला मोजतं का कुणी?

चौथ्या दिवशी संध्याकाळी, खाली वाळूत
लिलाव रंगात आलेला असताना फोन वाजला.
"चोगले? बेअरिंगच होतं.
आमच्या माणसाला दोन महिने नाही कळलं.
तुम्हाला कसं कळलं, ते सांगा."

नोकरीचं त्याने काही काढलं नाही.
मीही नाही विचारलं.
एका कानावर हात दाबून पायरीवर बसलो
आणि पहिल्या रात्रपाळीपासून सुरुवात केली.
"मी," म्हटलं, "तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, साहेब..."