मेल्या

मशीनला 'मेल्या' कळत नाही.
लाल पट्टी येते: जिवे मारण्याची धमकी, शक्यता ब्याण्णव टक्के.
उघडून बघावं तर कुणा मावशीनं
भाच्याच्या नव्या गाडीच्या फोटोखाली लिहिलेलं असतं,
'मेल्या, एक फोन तरी करायचास.'
मी हिरवं दाबते. मावशी सुटते.

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत
सातव्या मजल्यावर आम्ही सहाजणी एका खोलीत.
दाराच्या आतून कुंजुमोननं कागद चिकटवलाय.
अकरानंतर फोनवर बोलायचं नाही.
सुकं भाजायचं नाही.
पटत नसेल तर बेड सोडा, खाली रांग आहे.
खोली त्याची, म्हणून कागद त्याचा.
(खोली त्यानंही भाड्यानंच घेतलीय,
पण ते कागदावर नाही.)

ट्रेनिंगला फादी हेच म्हणाला होता, जरा मऊ इंग्रजीत:
ही चावडी नव्हे, हे घर आहे.
चपला कुठे काढायच्या ते मालक सांगणार.
मी वहीत उतरून घेतलं.
ज्या घरात अख्खा मुलूख राहायला आलाय
त्याला घर म्हणायचं का,
हे विचारायचं राहिलं.
व्हिसा कंपनीचा आहे.

खोटं कशाला बोलू, पुसायला बरंही वाटतं.
एका पोरीचा चोरलेला फोटो,
खाली चारशे बाप्ये दात काढत बसलेले.
एका बोटात सगळे गेले.
त्या सकाळी मी पोटभर जेवून झोपले.
तेव्हा कुणी मला बोलण्याचा हक्क वगैरे सांगितला असता
तर मी तेच बोट त्याला दाखवलं असतं.

आणि मग हेही येतं:
'ताई, तुमची लेक गोड आहे हो.
जांभळं दप्तर शोभतं तिला.
शाळा साडेपाचलाच सुटते ना अजून?'
एक वाईट शब्द नाही.
मशीन म्हणतं, सौजन्यपूर्ण.
शंभर पानांच्या नियमांत जांभळ्या दप्तराला जागा नाही.
फादीला हाक मारली. तो म्हणाला, भाषांतर कर.
भाषांतरात ते आणखीच सुंदर दिसलं.

बुधवारी रात्री अडीचला यशवंत गमरे आला.
अल सजाच्या कॅम्पातून. ते वस्तीचं नाव आहे,
आपल्याला ऐकू येतं ते नव्हे.
लोखंडी खाट, दोरीवर बनियन, मागे कुकरची शिट्टी.
पाच म्हयने पगार नाही, म्हणाला.
सुपरवायझरचं नाव घेतलं, फोटो धरला कॅमेऱ्यापुढे,
'ह्याचा मुडदा बशिवला,' आणि हसला.
मागचेही हसले.
एकेचाळीस तक्रारी, एकाच तासातल्या,
एकाच हातच्या इंग्रजीत.

मला बावीस सेकंद मिळतात.
मुडदा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.
माझी आई शेळीलाही म्हणायची, पाला टाकता टाकता.
पण नाव होतं, चेहरा होता, मरण होतं.
नियम सरळ. इथला कायदा त्याहून सरळ.
मी लाल दाबलं.

नंतर बसमध्ये स्वतःला समजावलं:
बरं झालं, कुणी बघायच्या आत गेलं,
नाहीतर तोच आत गेला असता.
असेलही तसं.
एकोणिसाव्या सेकंदाला मात्र मी त्याचा विचार करत नव्हते.
त्या आठवड्यात माझा स्कोअर अठ्ठ्याण्णव होता.

शुक्रवारी त्याचं अपील आलं.
व्हिडिओबद्दल काही नाही, पगाराबद्दलही नाही.
मराठीत एकच ओळ:
'हे कोण माणूस वाचतो का?'

उत्तरं तीन तयार असतात.
तिन्हीत आभार आहेत. 'हो' एकातही नाही.
खाली एक चौकट असते, आतल्या टिपेसाठी,
ती त्याला कधीच दिसणार नाही.
तिथे मी लिहिलं:
वाचते. खेडची आहे.

फादीनं पुढच्या सोमवारी विचारलं, हे काय लिहिलंस?
म्हटलं, नियम क्रमांक.